बाबांच्या कंपवातासाठी टीएमएस घ्यावं का?

साताऱ्याची_लेक
बाबा ७१ वर्षांचे, कंपवाताचं निदान होऊन नऊ वर्षं झाली. सिंडोपा दिवसातून पाच वेळा. गोळीचा असर उतरला की उंबऱ्यापाशी पाय जमिनीला चिकटतात, पुढचं पाऊल निघतच नाही. ऑपरेशनला ते तयार नाहीत. एका खाजगी केंद्राने टीएमएसने, म्हणजे डोक्याला चुंबकीय लहरी देऊन, 'पूर्ण बरं करू' म्हणत वीस बैठकांचं पॅकेज सांगितलंय. कुणी घेतलंय का?

निशिगंध
आमच्या ह्यांनी दोन वर्षांपूर्वी घेतलं. पहिल्या दिवशी डॉक्टरांनी लहरी सोडणारी, आठच्या आकड्यासारखी कॉइल डोक्यावर सरकवत जागा शोधली. अचानक ह्यांचा अंगठा टुणकन उडाला. तो किती जोरावर उडतो, त्यावरून मात्रा ठरते. मग नुसती टकटक, सुतारपक्षी बसल्यासारखी. कानात बोळे घालतात. भूल नाही, टाके नाहीत.

दुसऱ्या आठवड्यात सदऱ्याची बटणं सात मिनिटांऐवजी चारात लागली. मी घड्याळ लावून बघायची. थरथर तशीच राहिली, गोळी एकही सुटली नाही, आणि दोनेक महिन्यांत बटणं पुन्हा सात मिनिटांवर आली. तरी ते दोन महिने आम्हाला मोलाचे होते.

पण 'पूर्ण बरं' म्हणणाऱ्याकडे पैसे भरू नका, ताई. कंपवातात हालचालीला लागणारं डोपामिन हे रसायन बनवणाऱ्या पेशी मेंदूत खोलवर मरतात. कॉइलचा थेट जोर वरच्या थरापर्यंतच पोचतो. अमेरिकेत २००८ साली मान्यता मिळाली ती नैराश्यासाठी. कंपवातात हालचाल थोडी सुधारल्याचं अभ्यासांत दिसतं, पण तो आजार थांबत नाही.

फिजिओ_नाशिक
डोक्यात धातू, पेसमेकर किंवा पूर्वी फिट आलेली असेल तर आधी सांगायलाच हवं. आणि उंबऱ्याअलीकडे फरशीवर रंगीत टेपच्या आडव्या पट्ट्या लावून बघा, पावलागणिक एक. पट्टी ओलांडायची म्हटलं की बऱ्याच जणांचा अडकलेला पाय सुटतो. खर्च एका टेपचा.

साताऱ्याची_लेक
धातूचं वाचून धस्स झालं. बाबांच्या कवटीत जुन्या अपघातातली प्लेट आहे. केंद्रात कुणी विचारलंसुद्धा नाही! पैसे भरत नाही. सोमवारी जुनी फाइल घेऊन आमच्या न्यूरोलॉजिस्टकडे जाते. टेप आत्ताच आणायला सांगितली.