शिक्षकांच्या निसर्ग कार्यशाळेत रविवारी सकाळी काय घ्यावं?

भोरची शिक्षिका
नमस्कार. तालुक्यातले आम्ही तीसेक शिक्षक दरवर्षी डिसेंबरात एका शनिवार-रविवारी पर्यावरण शिक्षणाच्या कार्यशाळेला जमतो. यंदा चौथं वर्ष. रविवार सकाळचे दोन तास माझ्याकडे आलेत. गेल्या वर्षी ओझोनवर छान स्लाइड दाखवल्या, सगळ्यांनी वह्या भरून घेतल्या, पण वर्गापर्यंत त्यातलं काहीच पोचलं नाही. माझ्याही नाही, आणि ते मला लागून राहिलंय. सोमवारी शाळेच्या आवारातच, तिसरी-चौथीच्या मुलांना घेऊन, बिनखर्चात करता येईल असं काही सुचवाल का?

रानवाट
ताई, दगडफूल घ्या. आपल्या गोड्या मसाल्यातलंच. मी दहाएक वर्षं शिक्षकांबरोबर हे करतोय.

आधी डब्यातलं चिमूटभर हातोहात फिरवा आणि विचारा, हे फूल की साल? बुरशी आणि शेवाळ मिळून हा जीव होतो. त्याला मुळं नसतात. पाणी आणि हवेत जे असेल ते सगळं अंगातूनच शोषतो, म्हणून सल्फर डायऑक्साइडसारखा वायू त्याला सोसत नाही.

मग बाहेर. सुतळीची शिडी करा, 10 सेंटिमीटरचे पाच चौकोन एकाखाली एक. आंब्याच्या खोडाला, जमिनीपासून मीटरभर उंचीवर, चारही बाजूंना आळीपाळीने लावा. किती चौकोनांत दगडफूल आहे ते मोजा, 20 पैकी. पेरू आणि निलगिरी नको, त्यांची साल गळते.

शेवटी थोडं पाणी शिंपडा. राखाडी ठिपका बघता बघता हिरवा होतो, आतलं शेवाळ दिसायला लागतं. इथे तुम्ही काही बोलू नका. आपण शिक्षक फार लवकर समजावून सांगतो. मुलांनाच विचारू द्या.

कृष्णाकाठ
पण जाती ओळखायच्या कशा? मला तर एकही येत नाही.

रानवाट
नावं लागतच नाहीत. आकार तीन: सालीला घट्ट चिकटलेलं, पानासारखं, झुपकेदार. साधारणपणे पहिलं सर्वांत चिवट आणि झुपकेदार सर्वांत नाजूक. मसाल्यातलं पानासारखं.

डोंगरशाळा
मी दोन वर्षं मुलांकडून हे करून घेतलंय. दोन गोष्टी जपा. खरवडू देऊ नका, बरीच दगडफुलं वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर वाढतात. आणि एका झाडावर कमी दिसलं म्हणून लगेच "इथली हवा खराब" असं लिहू देऊ नका. ऊन, ओल, झाडाचं वय, सगळ्याने फरक पडतो. सारख्या जाडीचे आंबेच ताडून बघा.

भोरची शिक्षिका
मनापासून आभार! शाळेचा आंबा रस्त्याला लागून आहे, तेवढ्याच जाडीचा दुसरा देवळामागे. या शनिवारी मुलांना घेऊन दोन्ही मोजते आणि आकडे इथेच टाकते. सुतळी पावसाळ्यात आखडते, तेव्हा शिडी नायलॉनच्या दोरीची केली तर चालेल ना?