छोटा देश मिळाला म्हणून नाराज का?

एका ताईंनी विचारलंय, नागपूरच्या एमयूएनमध्ये (मुलं एकेका देशाचे प्रतिनिधी बनून संयुक्त राष्ट्रांची नक्कल बैठक भरवतात ती) भाचीला सुरक्षा परिषदेतला अस्थायी सदस्य देश मिळाला, व्हेटोवाल्यांपुढे, म्हणजे एका विरोधी मतानं ठराव पाडू शकणाऱ्या पाच कायम सदस्यांपुढे, तिनं करायचं काय? अहो, ठराव मंजूर व्हायला 15 पैकी 9 मतं लागतात. पाचही बडे एकत्र आले तरी उरलेली 4 या दहा अस्थायी सदस्यांतूनच येणार. तिथंच तिचा भाव वधारतो नं! आणि बड्यानं तटस्थ राहणं म्हणजे व्हेटो नव्हे. त्याला विरोधी मतापासून तटस्थतेपर्यंत आणलं तरी ठराव तरतो.

भाषण दीड मिनिटाचं असेल तर इंग्रजीचे जेमतेम दोनशे शब्द बसतात. मुलं दोन पानं लिहून आणतात आणि मुख्य मागणीआधीच वेळ संपल्याचा अध्यक्षांचा हातोडा पडतो. मागणी दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यातच हवी.

ठरावाच्या मसुद्यात प्रस्तावनेची कलमं स्वल्पविरामानं, कृतीची अर्धविरामानं संपतात, पूर्णविराम फक्त शेवटी. कृतीच्या प्रत्येक कलमात कोण करणार, पैसा कुठून, कधीपर्यंत, हे नसेल तर विरोधक तिथंच धरतात.

सत्रात लॅपटॉप बंद ठेवायला लावतात बरेचदा. म्हणून आपल्या वाट्याच्या देशाची आधीची भाषणं, मतदान सीताबर्डीच्या बाजारातून छापूनच न्या. ब्लेझर मात्र हॉलमध्ये शिरल्यावरच घालायचा, बाप्पा!