केगाव कॅम्पसवर शेतकरी बाजार भरवायचाय: गाळे किती, परवाने कोणते, वार कुठला?

रासेयो_केगाव विचारतात:

नमस्कार मंडळी. सोलापूर-पुणे रस्त्यावर केगावला विद्यापीठाच्या आवारात आठवड्यातून एकदा शेतकऱ्यांनी थेट माल विकावा, असा विचार चाललाय. जागा कडुलिंबाच्या झाडांखाली, पार्किंगला लागून, साधारण ३० बाय २० मीटर. गिऱ्हाईक म्हणजे कर्मचारी, प्राध्यापक आणि वसतिगृहातली मुलं. मोहोळ, उत्तर सोलापूर, दक्षिण सोलापूर या भागातले २५-३० शेतकरी यायला तयार आहेत. सगळ्यांना एकदम बोलवावं का? परवाने कुठले लागतात? आणि शेतकऱ्याच्या नावाखाली व्यापारी येऊन बसतात, ते कसं थांबवायचं?

---

मळेकरी:

सर, ३० जणांना बोलवू नका. गाळे जागेवरून ठरवायचे नाहीत, गल्ल्यावरून ठरवायचे.

हिशेब असा. उद्घाटनाची गर्दी सोडून द्या, तिसऱ्या आठवड्याला किती जण पिशवी घेऊन येतील ते धरा. समजा १२० जण आले आणि सरासरी १५० रुपयांची खरेदी झाली, तर एकूण विक्री १८,००० रुपये. टेम्पोभाडं, तोडणीची मजुरी आणि मोडलेली अर्धी दुपार वजा जाता शेतकऱ्याला परवडायचं तर एका गाळ्यावर निदान २,००० रुपये झाले पाहिजेत. म्हणजे ९ गाळे. ३० बसवले तर प्रत्येकाच्या वाट्याला ६०० येतात. दोन आठवडे लाजेकाजेनं येतील, तिसऱ्याला फोन उचलणार नाहीत.

९ गाळ्यांत पालेभाजीचे २, वांगी-भेंडी-गवार-दोडका-टोमॅटोचे मिळून ३, फळांचे २, कांदा-लसूण-मिरचीचा १ आणि कडधान्य, शेंगदाणे, चटणी असा बचतगटाचा १. एकच भाजी दोघांपेक्षा जास्त जणांकडे नको. तिघांनी मेथी आणली की सहा वाजता भाव पाडापाडी सुरू होते आणि पुढच्या वेळी तिघंही मेथी आणत नाहीत. म्हणून आदल्या दिवशी ग्रुपवर ‘कोण काय, किती’ लिहून घ्या. पालेभाजीच्या एका गाळ्याला सगळ्या मिळून ६०-७० जुड्या पुरे.

फळं हंगामाप्रमाणे बदलती ठेवा: थंडीत बोरं, पेरू आणि मृग बहाराचं डाळिंब, पुढे द्राक्षं. वसतिगृहातली मुलं भाजी घेत नाहीत, त्यांच्याकडे गॅसच नसतो. ती काकडी, गाजर, पेरू, भाजलेल्या शेंगा घेतात. त्यांच्यासाठी पावशेर-अर्ध्या किलोचे वाटे मांडा. डिसेंबर-जानेवारीत हुरडा ठेवलात तर पोरं गाळा सोडणार नाहीत, मात्र आगटी झाडांपासून आणि पार्किंगपासून लांब हवी.

जागा जास्त आहे म्हणून पांगवून बसवू नका. गाळा ३ बाय २ मीटर, समोरासमोर दोन रांगा, मध्ये ३ मीटर वाट. विरळ बाजार ओस दिसतो आणि ओस बाजारात कोणी शिरत नाही.

---

तराजू_काटा:

कागदपत्रांचं सांगतो. लोक याला उगाच घाबरतात.

जागेसाठी कुलसचिवांची लेखी परवानगी घ्या. त्यात वार, वेळ, गाळ्यांची संख्या, वीज-पाणी आणि स्वच्छता कोणाकडे, हे सगळं लिहून घ्या. गाड्यांच्या नंबरांची यादी आदल्या दिवशी सुरक्षा विभागाला द्या, नाहीतर टेम्पो गेटवर अर्धा तास अडकतो आणि कोथिंबीर तिथंच मान टाकते.

बाजार समितीची अडचण नाही. फळं-भाजीपाला २०१६ पासून नियमनमुक्त आहे, म्हणजे तो बाजार समितीतूनच विकायचं बंधन नाही. शिवाय १९६३ च्या मूळ कायद्यातच स्वतःचा माल विकणाऱ्या शेतकऱ्याला आणि किरकोळ विक्रीला सूट आहे. पणन मंडळाच्या (शेतमाल विक्रीचं राज्याचं मंडळ) शेतकरी आठवडे बाजार अभियानाला संत सावता माळींचं नाव आहे, आणि सावतोबांचं अरण आपल्याच माढा तालुक्यात. तेव्हा पणन मंडळाच्या आणि ‘आत्मा’च्या (शेती तंत्रज्ञानाची सरकारी यंत्रणा) कार्यालयात एक फेरी मारा. शेतकरी गटांची यादी तिथून मिळू शकेल.

शेतातला कच्चा माल शेतकऱ्याने विकायला अन्न सुरक्षेचा परवाना लागत नाही. शेंगाचटणी, पापड, लोणचं, पाकीटबंद बेदाणा यांना मात्र एफएसएसएआयची (अन्न सुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी हवी. ‘सेंद्रिय’ अशी पाटी लावायची तर पीजीएस किंवा एनपीओपी या सरकारी सेंद्रिय योजनांचं प्रमाणपत्र गाळ्यावर दिसलं पाहिजे. नसेल तर पाटी काढायला लावा, त्यात भीड नको.

काटा: इलेक्ट्रॉनिक काट्याची वैधमापनकडून (वजनमापं तपासणारं सरकारी खातं) दरवर्षी पडताळणी होते. शिक्का आणि तारीख बघूनच बसू द्या. नेहमीचा ३० किलोचा, ५ ग्रॅमचे टप्पे असलेला काटा १०० ग्रॅमच्या खाली वापरायचा नसतो, त्यामुळे आलं-मिरची-लसूणवाल्याला लहान काटा लागेल. टेबल डुगडुगत असेल किंवा वारा सुटला तर आकडा स्थिर होत नाही आणि गिऱ्हाईकाला मापात पाप दिसतं. एक काटा तुमच्या टेबलावर फेरमोजणीसाठी ठेवा. निम्म्या कटकटी तिथंच मिटतील.

आता व्यापारी. नुसता सातबारा पुरत नाही, जमीन तर व्यापाऱ्याच्याही नावावर असते. सातबाऱ्यावर चालू हंगामाची ई-पीक पाहणी (उभ्या पिकाची मोबाइलवरून केलेली नोंद) लागली आहे का ते बघा. गुंठा-दोन गुंठ्यांचा भाजीपाला तिथं बऱ्याचदा नोंदलेला नसतो, म्हणून महिन्याला दोन शेतांवर न सांगता चक्कर टाका. आणि एक सोपी खूण: गाळ्यावर बटाटा किंवा सफरचंद दिसलं की समजा, माल मार्केट यार्डातून उचललाय.

---

पाचचीबस:

वार चुकला तर वरचं सगळं वाया. शनिवार-रविवार नको, कॅम्पस रिकामा असतो. शुक्रवार दुपारी ४ ते ६:३० ठेवा, म्हणजे सुट्टीच्या दोन दिवसांची भाजी जाताना घेता येते. कर्मचारी बस पकडतात, त्यामुळे खरी विक्री ऑफिस सुटल्यानंतरच्या पाऊण तासात होते. त्या वेळेत सुट्टे पैसे आणि क्यूआर कोड दोन्ही तयार पाहिजेत. परीक्षेनंतरची आणि दिवाळीची सुट्टी आधीच कळवा. शेतकरी माल तोडून आणतो आणि वसतिगृहाला कुलूप, असं व्हायला नको.

---

रासेयो_केगाव:

फार उपयोगी माहिती, आभार. ९ गाळ्यांवर येतो. दोन शंका: उरलेल्या मालाचं काय करायचं? आणि चार वाजताच्या उन्हात पालेभाजी टिकेल का?

---

मळेकरी:

उरलेल्याची सोय आधी करा, मग बाजार. मेसवाल्याशी बोलून ठेवा: सव्वासहाला जे उरेल ते मार्केट यार्डातल्या सकाळच्या भावाने तो उचलेल. दुकानातल्या किरकोळ भावाने मागाल तर तो येणार नाही. शेतकऱ्यालाही हे परवडतं, कारण भरलेले क्रेट परत न्यायचे तर पुन्हा भाडं आणि सकाळी तोच माल शिळा. खाली पडलेला पाला दर आठवड्याला निघणारच, तो कॅम्पसच्या कंपोस्ट खड्ड्यात. त्यासाठी गाळ्यामागे ५० रुपये स्वच्छतेचे घ्या, जास्त नको.

पालेभाजी पहाटे काढायची, दुपारी बारानंतर नाही. सावलीत पसरून वाफ घालवायची, मग ओल्या गोणपाटात सैल गुंडाळून जुड्या उभ्या ठेवायच्या. चिंब भिजवून एकावर एक रचल्या की आतून गरम होतात आणि मधल्या जुड्या पिवळ्या पडतात. त्याला लोक उन्हाचा दोष देतात. एप्रिल-मेमध्ये पालेभाजीचा एकच गाळा ठेवा आणि वेळ साडेपाच ते साडेसात करा. मग कर्मचारी थांबणार नाहीत, विक्री वसतिगृहावर येईल, म्हणून गाळेही ५ वर आणा. त्याच दिवसांत वळवाचा वारा सुटतो. छत्री किंवा मांडव लावलात तर प्रत्येक पायाला २० लिटरचा भरलेला कॅन बांधा.

मोहोळकडून येणाऱ्या छोट्या हत्तीला सावळेश्वरचा टोल पडतो, तीनचाकीला पडत नाही. एका गावच्या तिघा-चौघांचा माल एकाच गाडीत आणला तरच भाड्याचा मेळ बसतो.

---

दगडीज्वारी:

ज्वारीचं कोणीच बोललं नाही! सोलापुरात फेब्रुवारी-मार्चमध्ये घरोघरी वर्षाची ज्वारी भरतात, आणि भौगोलिक मानांकन मिळालेली मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी तासाभराच्या अंतरावर आहे. ती गाळ्यावर किलोने विकू नका. जानेवारीत कर्मचाऱ्यांकडून ५० किलोच्या कट्ट्यांची नोंदणी घ्या, एक किलो नमुना दळून भाकरी करून बघू द्या आणि एकाच दिवशी वाटप करा. घेताना दाणा दाताखाली कट्कन फुटला पाहिजे. दबला तर ओल आहे, असा कट्टा पावसाळ्यात किडतो. दोन-चार दिवस ऊन देऊन आणा म्हणावं. आणि वजन बारदान (रिकामं पोतं) वगळून, हे पावतीवर लिहा.