नवऱ्याचा ठावठिकाणा नाही, घटस्फोट कसा मिळणार?

प्रश्न: हिंदू विवाह, बायको पुण्यात. नवरा ३ वर्षांपूर्वी घर सोडून गेला, फोन बंद. समन्स बजावायचं कुणावर? ७ वर्षं थांबावंच लागतं का?

उत्तर १: नाही. ७ वर्षं लागतात ती जिवंत असल्याचं कुणाच्याच कानावर नसेल तर. सबळ कारणाशिवाय टाकून गेला असेल तर परित्याग. त्याला सलग २ वर्षं पुरतात. अर्ज पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयात करता येतो. संमतीचा घटस्फोट विसरा, त्याला दोघांच्या सह्या लागतात.

उत्तर २: आधी समन्स शेवटच्या माहीत असलेल्या पत्त्यावरच काढा. बेलिफ (समन्स पोचवणारा कोर्टाचा कर्मचारी) ‘घर बंद, शेजाऱ्यांना ठाऊक नाही’ असा शेरा मारून परत आणेल. मग दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ५, नियम २० खाली जाहीर नोटिशीचा, म्हणजे पेपरात नोटीस छापण्याचा अर्ज. सोबत शोधाचं शपथपत्र जोडा: सासरी, कंपनीत केलेली चौकशी, पोलिसांतली मिसिंगची नोंद. नुसतं ‘सापडत नाही’ चालत नाही. पेपर तो शेवटी राहत होता त्या भागात खपणारं दैनिक हवं. राहायचा नाशिकला आणि नोटीस पुण्याच्या पेपरात, की पुढे आक्षेप आलाच.

उत्तर ३: नवरा हजर न झाल्याने प्रकरण एकतर्फी चाललं तरी पुराव्याचं शपथपत्र सुटत नाही. खरी मेख पुढेच आहे. एकतर्फी हुकूमनामा (कोर्टाचा निकाल) रद्द करून घ्यायला नवऱ्याला ३० दिवस असतात. पण मुदत कायद्याच्या अनुच्छेद १२३ नुसार पेपरातली नोटीस रीतसर बजावणी धरत नाहीत, म्हणून ते दिवस त्याला कळल्यापासून मोजतात. पत्ता माहीत असून दडवलात तर हुकूमनामा टिकणं कठीण. आणि अपिलाचे ९० दिवस उलटेपर्यंत दुसऱ्या लग्नाची तारीख काढू नका.