हॉटेलच्या खरेदीला कन्सल्टंट नेमायचा का? बचतीत 30 टक्के मागतोय

राजारामपुरीकर
मंडळी, कोल्हापुरात आमचं खाली जेवणाचं हॉटेल आणि वर लॉजिंग. पुण्याहून एक खरेदीवाला कन्सल्टंट येऊन गेला. किराणा, तेल, चादरी-टॉवेलची धुलाई, खोल्यांतले साबण-शाम्पू, सगळ्याचे रेट नव्यानं ठरवून देतो म्हणतोय, आगाऊ काही नाही, वर्षभरात जेवढी बचत होईल त्यातले 30 टक्के त्याचे. माझं मत नेमावा. आमच्यात खरेदी म्हणजे वडिलांच्या वेळेपासून लक्ष्मीपुरीतलं एकच दुकान, चिठ्ठी पाठवायची, माल येतो, रेट बिल आल्यावर कळतो. धाकटा भाऊ म्हणतोय पैसे जास्त झालेत काय. बोला.

गूळ_आणि_शेंगा
भाऊ बरोबर बोलतोय. बचत मोजणार कशावरनं ते आधी सांग. तेलाचा बाजारच उतरला तर त्यात ह्याचं काय कर्तृत्व, तरी 30 टक्के घेणारच की, आणि बाजार चढला तर म्हणणार मी नसतो तर अजून चढ्या भावानं घेतलं असतं. गॅस तर बोलूच नको, 19 किलोच्या सिलिंडरचा रेट कंपन्या बहुतेक दर 1 तारखेला बदलतात, तिथं हा काय घासाघीस करणार.

हिशेबनीस
नेमा नाहीतर नको नेमू, पण गणित नीट मांड. फीवर 18 टक्के जीएसटी लागतो. साध्या रेस्टॉरंटला 15 नोव्हेंबर 2017 पासून 5 टक्के टॅक्स आहे पण इनपुट क्रेडिट नाही, म्हणजे खरेदीवर भरलेला टॅक्स वजा करून मिळत नाही, आणि 22 सप्टेंबर 2025 पासून 7,500 रुपयांपर्यंतच्या खोल्यांचंही तसंच केलंय. म्हणजे लाखाची बचत झाली तर 30 हजार फी, वर 5,400 टॅक्स तुझ्याच खिशातनं. 30 कसले, 35.4 टक्के झाले. आणि हे लोक कोटेशन दाखवताना टॅक्स सोडून आकडा दाखवतात, तुला क्रेडिट नाही म्हटल्यावर टॅक्ससकट रेटच धरायचा. डाळ-तांदळाच्या 25 किलोपर्यंतच्या लेबलवाल्या पॅकला 5 टक्के पडतात, त्याच्यावरच्या पोत्याला नाही, एवढं बघायला कुणाला वाटा द्यायची गरज नाही.

माजी_मॅनेजर
सगळे रेटच्याच मागं लागलाय. मी होतो त्या हॉटेलात असाच माणूस आणलेला, त्यानं रेटला फारसा हातच लावला नाही. पहिले काही दिवस नुसता मागच्या दाराला उभा राहायचा. मटण आलं की पोरगा हातात चहाचा कप तसाच ठेवून चलनावर सही करायचा, काट्यावर घेतच नव्हता. ह्यानं पिशवी फोडून पाणी निथळून वजन करायला लावलं तर बिलावरचं वजन आणि काट्यावरचं वजन जुळेना. धुलाईवाला उशांच्या खोळी चादरीच्या रेटनं लावत होता, ते पण तेव्हाच कळलं. घरचा माणूस हे बोलत नाही, त्याला रोज त्याच दुकानदाराचं तोंड बघायचं असतं. म्हणून बाहेरचा पाहिजे.

गूळ_आणि_शेंगा
मग काटा आण आणि सही करणाऱ्या पोराला शहाणं कर, त्याला 30 टक्के कशाला मर्दा? आणि उधारीचं कोण बोलणार? श्रावणात मटणाच्या हॉटेलात निम्मी टेबलं रिकामी असतात, तेव्हा जुना दुकानदार महिना-महिना थांबतो, नवीन स्वस्तवाला आधी पैसे टाका म्हणतोय. त्याच्या रेटमध्ये दोन रुपये कमी असतील पण थांबण्याचीही किंमत असते, ती कन्सल्टंटच्या एक्सेलमध्ये कुठल्या खान्यात बसते?

माजी_मॅनेजर
दोन रुपये कुठले, काही मालात दहा निघतात. उधारी फुकट असते असं वाटतंय काय तुला? ती रेटमध्येच धरलेली असते. रोखीचा रेट आणि महिन्याचा रेट वेगवेगळा मागून बघ एकदा.

तांबड्याची_वाटी
माझा एकच मुद्दा. मिरचीला हात लावू देऊ नका. ब्याडगी महाग म्हणून तिच्या जागी तेजा घातली की तोंड भाजतंय पण रश्शाला रंग येत नाही, मग रंग टाका, मग पावणे दुसऱ्या गल्लीत जेवायला. कागदावर मात्र किलोमागं बचत दिसणार आणि त्यात त्याचा वाटा पण निघणार.

राजारामपुरीकर
मिरची, मसाला, मटण यादीतनं काढलं. धुलाई, साबण, तेल, पॅकिंगचे डबे तेवढे देतो, वर्षाऐवजी तीन महिने, आणि फी ठरीव. जुन्या दुकानदाराकडनंही कोटेशन घ्यायचं, त्याला कळवल्याशिवाय नाही, वडिलांचं नाव आहे तिथं.

हिशेबनीस
आणि माल देणाऱ्याकडनं कमिशन घेणार नाही हे त्याच्याकडनं लिहून घे. दोन्हीकडनं खाणारे बघितलेत.

राजारामपुरीकर
ते विचारलं. म्हणाला "सर, ते लाइनमध्ये चालतंच". म्हणून तर धागा काढला.

गूळ_आणि_शेंगा
हे आधी सांगायचं होतंस.

माजी_मॅनेजर
मग हा नको, दुसरा बघ. कन्सल्टंट एकच आहे काय?