उत्तर: गाभडलेली म्हैस आणि कट्ट्यावरचं दूध

एकानं विचारलंय, सातव्या महिन्यात म्हैस गाभडली (गर्भपात झाला), तर तिचं धारोष्ण दूध चालेल का? अजिबात नाही. उशिरा गाभडणं आणि वार (गर्भामागून पडणारा जार) अडकणं म्हटलं की पहिला संशय ब्रुसेल्लाचा, म्हणजे जनावरांकडून माणसालाही होणाऱ्या जंतुरोगाचा. म्हैस तब्येतीनं धडधाकट दिसते, पण दुधातून जंतू येत राहतात. कोल्हापुरात गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर फेसाळता पेला तोंडाला लावणाऱ्यांना हे आवडणार नाही, पण ताजेपणानं जंतू मरत नाहीत. चांगली उकळी आली की मरतात.

दुधापेक्षाही मोठा धोका वारेचा. अडकलेली वार उघड्या हातानं ओढू नका. पशुवैद्यकांना बोलवा. हातमोजे, मास्क हवेतच. गर्भ, वार, भिजलेलं वैरण चुना टाकून खोल पुरा. कुत्र्यांनी ओढून नेलं तर गल्लीभर पसरतं. म्हैस वेगळी बांधा आणि रक्त तपासा. गाभडल्यावर लगेचची चाचणी कधी निगेटिव्ह येते, म्हणून दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा करा.

ब्रुसेल्लाची लस फक्त ४ ते ८ महिन्यांच्या रेडी-कालवडींना, आयुष्यात एकदाच. गाभण जनावराला दिली तर तीच गाभडवू शकते. लस जिवंत जंतूंची असल्यानं सुई स्वतःला टोचली तर डॉक्टर गाठायचा.

माणसात या रोगाची लक्षणं म्हणजे चढउताराचा ताप, रात्रीचा घाम, कंबरदुखी. टायफॉईड समजून आठवडाभर गोळ्या घेतल्या की ताप दबतो आणि परततो. उपचार साधारण ६ आठवडे, दोन अँटिबायोटिक एकत्र. घरी जनावरं आहेत हे डॉक्टरांना आपणहून सांगा.