मदत हवी आहे: रॉकी माउंटनचं परमिट मिळत नाहीये, शनिवारी निघायचंय (अर्जंट)

मनवा_डी
रॉकी माउंटन नॅशनल पार्कात गाडीने शिरायचं परमिट हवंय. सकाळपासून रिक्रिएशन डॉट गव्ह (सरकारी बुकिंगची साइट) उघडून बसलेय. शनिवारचं सगळं राखाडी दिसतंय, म्हणजे संपलेलं. रद्द झालेली परमिटं परत येतात का? काही युक्ती? हॉटेलं बुक आहेत. तिथून ग्रेट सँड ड्यून्स (वाळूच्या टेकड्यांचं पार्क) करून मेसा वर्डे (कड्यातल्या जुन्या घरांचं पार्क) आणि मंगळवारी घरी. प्लीज लवकर सांगा, ऑफिसातून लिहितेय.

घाटवाट
कुठलं परमिट? दोन प्रकारची असतात. घर कुठे, सोबत कोण, गाडी कुठली? आणि मंगळवारी परत हे नकाशा बघून ठरवलंय का?

झब्बू
आम्ही मागे यलोस्टोन केलं होतं. जॅक्सनला उतरायचं, ग्रँड टीटन आधी करायचं. ओल्ड फेथफुलला गर्दी असते पण वर्थ आहे. फोटो टाकतो घरी गेल्यावर.

मनवा_डी
झब्बू, मी कोलोरॅडोबद्दल विचारतेय.
घाटवाट, परमिट म्हणजे बेअर लेक तळ्याकडच्या रस्त्याचं, सगळे तेच घ्या म्हणतात. आम्ही डेन्व्हरला असतो, गाडी साधी सेडान. आईबाबा पुण्याहून आलेत.

आरती_लाँगमाँट
अगं, तू बेअर लेकला जाणार आहेस का खरंच? ते परमिट सर्वांत आधी संपतं, कारण त्या रस्त्यावर पहाटे ५ ते संध्याकाळी ६ ते लागतंच. बाकीच्या पार्कला फक्त सकाळी ९ ते दुपारी २. म्हणजे नऊच्या आत गेटमधून आत शिरलात तर ट्रेल रिज रोडला (पार्कातला उंच डोंगररस्ता) परमिटच नको. प्रवेशाचा पास तेवढा दाखवायचा. एकदा आत गेलात की दिवसभर राहा, कुणी हाकलत नाही.
बेअर लेकच हवं असेल तर शुक्रवारी संध्याकाळी ७ ला दुसऱ्या दिवसाची राखून ठेवलेली सुटतात. ६:५५ ला लॉगिन करून बस. मिनिटाभरात संपतात.

जुना_गडी
ट्रेल रिज सगळेच करतात. ओल्ड फॉल रिव्हर रोडने चढा. कच्चा, एकेरी, वळणावळणाचा. १९२० चा रस्ता आहे, ट्रेल रिजच्या आधीचा. खरी मजा तिथे.

आरती_लाँगमाँट
जुना_गडी, तिच्यासोबत आईबाबा आहेत. एकेरी रस्ता, मध्येच वळवायची सोय नाही. एखाद्याला चक्कर आली तर?

जुना_गडी
आमच्या पिढीला एवढं नाजूक समजू नका. मी साठीनंतर चालवलाय.

घाटवाट
चक्करचा मुद्दा खराच आहे. आपलं कळसूबाई ५४०० फूट, म्हणजे डेन्व्हरपेक्षा जेमतेम शंभरेक फूट उंच. ट्रेल रिज १२,१८३ फुटांवर जातो. भाकरवडीचं पाकीट टम्म फुगून ताणलेलं बघितलं की आपल्या डोक्याचं काय होत असेल ते कळतं. आईबाबांना येऊन किती दिवस झाले? बीपीच्या गोळ्या आहेत का? पाणी भरपूर पाजा, वर गेल्यावर भराभर चालू देऊ नका, दुपारी ढग जमायच्या आत झाडोऱ्याच्या रेषेखाली या. जुलैत तिथे दुपारी विजा हमखास. पेट्रोल गेटबाहेरच्या एस्टेस पार्क गावातच भरा, आत पंप नाही.

मनवा_डी
येऊन तीन आठवडे झालेत. बाबा ठणठणीत. आईचा उजवा गुडघा दुखतो, पण जिना चढते. बेअर लेक मग सोडूनच देते, बाबांना बर्फ आणि मेसा वर्डेची कड्यातली घरं, एवढंच हवंय.

घाटवाट
गुडघ्याचं आधी सांगायचं ना! मेसा वर्डेच्या बाल्कनी हाउसला ३२ फुटांची लाकडी शिडी चढावी लागते, आणि बाहेर पडताना बोगद्यातून रांगत. बोगदा जेमतेम १८ इंच रुंद. क्लिफ पॅलेसलाही शिड्या आहेतच. शिवाय ही तिकिटं रेंजरच्या टूरची, चौदा दिवस आधी सकाळी ८ ला सुटतात. या रविवार-सोमवारची केव्हाच गेली असतील. स्प्रूस ट्री हाउस दरडींमुळे २०१५ पासून बंद. वरच्या पठारावरून घरं दिसतात, पण तेवढ्यासाठी घरापासून सात-आठ तास?
ड्यून्सही दुपारचे नकोत. उन्हाळ्यात वाळू १५० फॅरनहाइटपर्यंत तापते, चपलेच्या पट्ट्यातून आत आलेली वाळू उड्या मारायला लावते. तिथल्या मेदानो क्रीक या ओढ्याचं पाणी मेअखेर-जूनमध्ये छान असतं, आता ओहोटीला लागलं.

जुना_गडी
तेराव्या शतकातली घरं बघायला आठ तास? कार्ल्याला जा म्हणावं, दोन हजार वर्षं जुनी लेणी लोणावळ्याजवळ.

घाटवाट
देवगिरीवर यादव राज्य करत होते तेव्हा ही माणसं कड्याच्या कपारीत दीडशे खोल्यांचं गाव बांधून राहत होती. मग दुष्काळ पडला आणि तेराव्या शतकाच्या शेवटी सगळे दक्षिणेला गेले. त्यांचे वंशज प्युएब्लो लोक आजही आहेत. कार्ल्याशी तुलना कशाला?

गाडीवान
मेसा वर्डे रद्दच करा. ला हुंटाजवळ बेंट्स ओल्ड फोर्ट बघा. सांता फे ट्रेल या जुन्या वॅगनवाटेवरचं १८३३ चं व्यापारी ठाणं, आताची इमारत १९७६ ची पुनर्रचना. पुढे कोमान्ची गवताळ प्रदेशात वॅगनच्या चाकोऱ्या अजून दिसतात. तासाभरात कुणी भेटत नाही.

आरती_लाँगमाँट
जुलैत तिथे भट्टी असते. आणि बाबांना बर्फ हवाय!
मनवा, आईबाबा व्हिजिटर व्हिसावर आहेत ना? २०२६ पासून परदेशी रहिवाशांना अकरा पार्कांत माणशी १०० डॉलर जास्तीचे, वय १६ किंवा जास्त असेल तर. रॉकी त्यात आहे, मेसा वर्डे नाही. वार्षिक पास त्यांच्यासाठी २५० ला. तुझ्या पासवर ते धरले जातात का, हे निघण्याआधी पार्कला फोन करून विचार.

मनवा_डी
हे कुणीच सांगितलं नव्हतं! दोघांचे २०० म्हणजे बाबा गाडीतून उतरणारच नाहीत. उद्या फोन करते.
ठरलं: शनिवारी साडेसहाला निघून ट्रेल रिज, वर चहा, दुपारी खाली. ड्यून्स आणि मेसा वर्डे सप्टेंबरात, आईबाबा ऑक्टोबरपर्यंत आहेत. तिकिटाचा गजर लावला. हॉटेलांचे पैसे परत मिळतायत, एक सोडून.

गाडीवान
मुलं चौथीत असतील तर सगळ्या पार्कांचा पास फुकट मिळतो. लिंक देऊ?

मनवा_डी
मुलं कुठून आली मध्येच?